डूला सगळ्यांना मिळावी म्हणून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डूलाबद्दल, म्हणजे बाळंतपणात सोबतीला राहणाऱ्या बाईबद्दल, लोक मेसेज करून, फोन करून, ओळखीच्या ओळखीतून जे प्रश्न परत परत विचारतात ते इथे एकत्र केलेत. विचारणाऱ्यांत गरोदर बायका आहेत, त्यांच्या बहिणी-मैत्रिणी आहेत, नुकतं ट्रेनिंग झालेल्या डूला आहेत, छोटी संस्था चालवणारे आहेत, त्यामुळे सगळे प्रश्न सगळ्यांसाठी नाहीत, आपला शोधा आणि तेवढा वाचा. उत्तराचा काही भाग दुसरीकडे असेल तर तिथला नंबर दिलाय. आणि एक, हा डॉक्टरी सल्ला नाही. अंगावरून रक्त जातंय, बाळाची हालचाल कमी वाटतेय, डोकं भयंकर दुखून डोळ्यांसमोर अंधारी येतेय असं काही असेल तर वाचत बसू नका, आधी हॉस्पिटल गाठा.

१. डूला म्हणजे नक्की कोण? नर्स का सुईण?

दोन्ही नाही. बाळंतपणाआधी, कळांच्या वेळी आणि नंतरचे काही आठवडे बाईच्या सोबत राहणारी, त्याचं ट्रेनिंग घेतलेली व्यक्ती म्हणजे डूला. ती आतून तपासत नाही, बीपी घेत नाही, औषध देत नाही, बाळाचे ठोके मोजत नाही. बाळंतपण करणं हे डॉक्टरचं, नर्सचं, सुईणीचं काम, डूलाचं काम बाळंतिणीला सांभाळण्याचं. नर्सला एकाच वेळी अनेक जणी बघायच्या असतात, शिफ्ट संपली की ती घरी जाते आणि दुसरी येते, डूला मात्र एकीसाठीच आलेली असते आणि बाळ होईपर्यंत हलत नाही. सगळा फरक त्या न हलण्यात आहे. कोणी डूला म्हणवून घेते आणि आतून तपासायला लागते किंवा कळा वाढाव्यात म्हणून काहीतरी प्यायला देते, तर तिला तिथल्या तिथे थांबवा.

२. मग ती दहा-बारा तास करते तरी काय?

बाहेरून बघणाऱ्याला खूप काही दिसत नाही. कळ आली की ती दोन्ही तळवे कमरेच्या खाली, माकडहाडाच्या जरा वर, जोर लावून दाबून धरते, कळ ओसरली की हात सैल, परत आली की परत, आणि हे तासन् तास चालतं, तिचे मनगट दुखायला लागतात. मधल्या वेळात पाण्याचा घोट, कूस बदलायला लावणं, उठवून चालवणं, आणि लघवीची आठवण करणं, जी कळांच्या नादात कोणालाच राहत नाही आणि लघवीची पिशवी भरलेली असली तर ती बाळाच्या डोक्याच्या वाटेत येते. डॉक्टर घाईत काहीतरी बोलून पुढे गेले की ती विचारते, कळलं का काय म्हणाले ते, काही विचारायचंय का. रात्रभर उभ्या असलेल्या नवऱ्याला सांगते, तुम्ही खाऊन या, मी आहे.

बाळ झालं की पहिल्यांदा पाजताना ती जवळ असते, आणि नंतर घरी येते तेव्हा टाके, दूध, झोप, रडू हे सगळं बघते. हातावर पोट असलेल्या घरांत याच्या जोडीला आणखी कामं येतात: फॉर्म भरून देणं, कोणत्या खिडकीवर कोणता कागद लागतो ते सांगणं, कामावरून किती दिवस सुट्टी हक्काची आहे ते शोधणं. हे कुठल्या ट्रेनिंगच्या पुस्तकात पहिल्या पानावर नसतं पण घरच्यांना विचाराल तर याचाच उपयोग सगळ्यात जास्त झाला असं सांगतील.

३. याने खरंच फरक पडतो का, का नुसतं बरं वाटतं?

पडतो. कॉक्रेन ही जगभरचे वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था, तिचा २०१७ चा आढावा आहे, १७ देशांतल्या १५,८५८ बायकांचा. कळांच्या काळात सलग कोणाची तरी सोबत मिळालेल्या बायकांमध्ये नॉर्मल डिलिव्हरी जास्त झाल्या, सीझर कमी झाले, वेदनाशामक औषधं कमी लागली, कळांचा वेळ थोडा कमी झाला, आणि अनुभव वाईट होता असं म्हणणाऱ्याही कमी निघाल्या. सोबतीमुळे नुकसान झाल्याचं काही सापडलं नाही.

मला स्वतःला जास्त बोलका वाटतो तो अमेरिकेतल्या ह्युस्टनचा अभ्यास, १९९१ साली डॉक्टर जॉन केनेल आणि सहकाऱ्यांनी छापलेला, सरकारी हॉस्पिटलमधल्या गरीब बायकांवरचा. एका गटाला डूला दिली, एका गटाला नेहमीसारखंच ठेवलं, आणि तिसऱ्या गटात एक बाई खोलीत फक्त बसून नोंदी करायची, बोलायची नाही, हात लावायची नाही. सीझरचं प्रमाण नेहमीच्या गटात १८ टक्के, डूला असलेल्या गटात ८ टक्के, आणि नुसतं कोणीतरी बसलेलं होतं त्या गटात १३ टक्के. म्हणजे खोलीत एक माणूस आहे एवढ्यानेसुद्धा आकडा हलला.

पण डूला म्हणजे विमा नव्हे. रक्तस्राव थांबवायला डॉक्टर, रक्त आणि औषधच लागतं. अमेरिकेत २०२१ साली कृष्णवर्णीय मातांमध्ये दर लाख जिवंत जन्मांमागे ६९.९ मृत्यू झाले आणि गोऱ्या मातांमध्ये हाच आकडा २६.६ होता, ही दरी एकट्या डूलांच्या जिवावर बुजेल असं कोणी सांगत असेल तर तो हॉस्पिटलची जबाबदारी डूलांच्या डोक्यावर ढकलतोय.

४. घरात आई, सासू, बहीण आहेत की. मग बाहेरची बाई कशाला?

असतील आणि तुम्हाला त्यांचा आधार वाटत असेल तर उत्तमच, डूला त्यांच्या जागी येत नाही. पण आईला लेकीच्या कळा बघवत नाहीत, ती स्वतःच घाबरते, आणि बहिणीला कामावरून सुट्टी मिळत नाही. कित्येकींच्या बाबतीत तर घरचं माणूस शेकडो मैल लांब असतं. शिवाय घरच्यांची मतं असतात, आणि डूलाला तुमच्या बाळंतपणाबद्दल मत असायची गरज नाही. हॉस्पिटल एकालाच आत सोडत असेल तर प्र. ११ बघा.

५. डूला ही पैसेवाल्यांची हौस ना?

आज दिसतं तसं खरं, कारण जी खासगी डूला फी घेते ती ज्याला परवडते त्याच्याच घरी जाते. पण सुरुवात उलटी आहे. या विषयावरचा गाजलेला पहिला अभ्यास मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमाला देशातला, १९८० साली छापलेला, जॉन केनेल आणि मार्शल क्लाउस या डॉक्टरांच्या गटाचा. तिथे गर्दीच्या वॉर्डात बायका एकट्या कळा देत होत्या, घरच्यांना आत प्रवेशच नव्हता. सोबतीला दिलेली बाई ओळखीची पण नव्हती, तरी फरक दिसला. प्र. ३ मधलं ह्युस्टनचं हॉस्पिटल पण गरिबांचंच. म्हणजे पुरावा जमवला गरीब बायकांच्या बाळंतपणांतून आणि त्या पुराव्यावर उभी राहिलेली सेवा गेली ज्यांच्याकडे आधीच खासगी खोली आणि ओळखीचा डॉक्टर आहे त्यांच्याकडे. याचा राग यायला हवा असं मला वाटतं.

६. फुकट किंवा कमी पैशात डूला कशी शोधायची?

पहिल्यांदा जिथे नाव नोंदवलंय त्या हॉस्पिटललाच विचारा, काही ठिकाणी त्यांच्याच स्वयंसेवक डूला असतात आणि कोणी विचारलं नाही तर ते सांगतही नाहीत. मग तुमच्या भागात फिरणाऱ्या आरोग्य सेविकेला. मग डूलांच्या ट्रेनिंग संस्थांना, कारण शिकाऊ डूलांना सर्टिफिकेटसाठी काही बाळंतपणांत सोबत करायची असते आणि त्या बऱ्याचदा कमी पैशात किंवा विनामूल्य येतात (दर्जाची शंका असेल तर प्र. ९). डूलांच्या संघटनांचे मदतनिधी असतात, ब्रिटनमध्ये डूला यूके या संघटनेचा असा निधी आहे. आणि थेट खासगी डूलालाच विचारायला लाजू नका. खूप जणी वर्षातली काही बाळंतपणं कमी फीवर घेतात, फक्त त्याची जाहिरात करत नाहीत. मेसेजमध्ये तारीख, हॉस्पिटल आणि "मला एवढेच देता येतील" एवढं लिहिलंत तरी पुरे, आयुष्याची कहाणी सांगायची गरज नाही.

७. सरकार किंवा विमा डूलाचे पैसे देतं का?

देशावर अवलंबून. अमेरिकेत गरिबांसाठीच्या मेडिकेड योजनेतून काही राज्यं देतात, सुरुवात करणाऱ्यांत ओरेगन आणि मिनेसोटा होती, न्यू जर्सीने २०२१ मध्ये आणि कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२३ पासून सुरू केलं. कॅलिफोर्नियात एक पहिली भेट, आधीच्या आणि नंतरच्या मिळून आठ भेटी आणि बाळंतपणातली सोबत असं धरलंय. तिथे सुरुवातीला प्रत्येकीने डॉक्टरची चिठ्ठी आणायची अट होती, आणि जिला डॉक्टरची अपॉइंटमेंटच मिळत नाही तिला चिठ्ठी कुठून मिळणार, म्हणून पुढे राज्याने सगळ्यांसाठी मिळून एकच शिफारस काढली. असली एक अट काढली की किती जणींना दार उघडतं हे योजना लिहिणाऱ्यांना बाहेरून सांगावं लागतं.

पण योजनेत नाव आहे म्हणजे डूला मिळेल असं नाही. ओरेगनने सुरू केलं तेव्हा एका बाळंतपणामागे डूलाला ७५ डॉलर मिळायचे. त्या पैशात कोण रात्रभर जागणार? नंतर ते ३५० झाले आणि २०२२ मध्ये १५०० करावे लागले. दर कमी, बिलाचे कागद किचकट आणि पैसे महिन्यांनी, असं असलं की योजना कागदावर राहते आणि यादीतल्या डूला फोन उचलत नाहीत. यामागचं गणित प्र. १० मध्ये.

८. उत्पन्नाचा दाखला मागतात. माझ्याकडे कसलेच कागद नाहीत.

सरकारी योजनेत बहुतेक लागतोच. संस्थांचं वेगवेगळं असतं, चांगल्या संस्था तुमच्या शब्दावर विश्वास ठेवतात, आणि आमचं मत विचाराल तर तेच बरोबर. दाखला काढायला कामाचा एक दिवस बुडतो, आणि खोटं बोलून फुकट डूला लाटणाऱ्यांची जी भीती घातली जाते त्यापेक्षा दाखला मागितला म्हणून गप्प निघून जाणाऱ्या कितीतरी जास्त, त्या दिसत नाहीत एवढंच. दुसऱ्या देशातून आलेल्या असाल आणि राहण्याचे कागद नसतील तर आधी विचारा, माझी माहिती तुम्ही कोणाला देता का. याचं सरळ उत्तर मिळालं नाही तर नाव सांगू नका.

९. कमी पैशातली डूला म्हणजे कमी दर्जाची का?

नाही. शिकाऊ असेल तर तिच्या मागे एखादी अनुभवी डूला फोनवर आहे का एवढं विचारा. बाकी प्र. ३ मध्ये बघितलंत ना, नुसती बसलेली बाईसुद्धा कामाला येते.

१०. गरीब बाईसाठी डूलाने पैसे घेणं बरं दिसतं का? ही तर सेवा आहे.

हा प्रश्न डूलांना सगळ्यात जास्त ऐकावा लागतो आणि विचारणारे बहुतेक वेळा स्वतः पगारदार असतात. कुटुंबाला फुकट मिळणं वेगळं आणि डूलाने फुकट करणं वेगळं. पहिलं हवंच आहे, दुसऱ्याने सगळं कोसळतं.

हिशोब बघा. बाळ कधी येईल सांगता येत नाही म्हणून साधारण ३८ व्या आठवड्यापासून ४२ व्या आठवड्यापर्यंत डूलाचा फोन उशाशी चालू असतो. त्या काळात तिला लांब जाता येत नाही, लग्नकार्य बुडतं, वेळ ठरलेलं दुसरं काम घेता येत नाही. रात्री दोनला फोन आला की मिळेल ते वाहन करून जायचं, स्वतःची मुलं शेजारी झोपवायची, कदाचित वीस तास उभं राहायचं आणि दुसऱ्या दिवशीचा रोज पण गेला. एका महिन्यात अशी तीन-चार बाळंतपणं केली तरी माणूस थकून जातो, म्हणजे संख्या वाढवून पण कमाई होत नाही.

आता हे फुकट कोण करू शकतं? जिच्या घरात दुसरा पगार आहे ती. मग डूला येते एका वस्तीतून आणि बाळंतीण असते दुसऱ्या वस्तीतली, भाषा वेगळी, जगणं वेगळं, आणि आपण म्हणतो विश्वास का बसत नाही. बाळंतिणीच्याच वस्तीतल्या बाईने हे काम करावं असं वाटत असेल, आणि अनुभव तर हाच आहे की तिचंच ऐकलं जातं, तर तिला पैसे लागतील कारण तिचं घर त्यावर चालणार. अमेरिकेत शिकागोत १९९६ च्या सुमारास किशोरवयीन मातांसाठी जो डूला प्रकल्प सुरू झाला त्याची कल्पना हीच होती, त्याच समाजातल्या बायकांना ट्रेनिंग द्यायचं आणि पगारावर ठेवायचं.

स्वयंसेवक नकोत असं नाही. भेटीगाठी, फोन, कपडे गोळा करणं, फॉर्म भरायला बसणं यात त्यांची खूप मदत होते. पण रात्रीच्या कळांना जाणाऱ्या बाईला प्रवासखर्च, मुलं सांभाळायचा खर्च आणि फोन चालू ठेवण्याचा भत्ता द्यायलाच हवा, पूर्ण मानधन जमत नसेल तरी एवढं तर कमीत कमी.

११. हॉस्पिटल म्हणतं एकच माणूस आत. नवरा का डूला?

ही निवड तुमच्यावर यायलाच नको होती पण येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या शिफारशींत बाळंतिणीला तिच्या पसंतीची सोबत मिळावी असं म्हटलंय. ब्राझीलमध्ये २००५ पासून सरकारी व्यवस्थेत सोबती ठेवण्याचा हक्क कायद्यातच आहे. भारतात आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये सरकारी दवाखान्यांत सोबतीला मान्यता दिली. पण बहुतेक ठिकाणी "एक सोबती" असाच हिशोब असतो, डूला त्याव्यतिरिक्त धरलेली नसते. २०२० मध्ये कोविडच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या काही हॉस्पिटलांनी तर कोणालाच आत सोडायचं नाही असं ठरवलं होतं, मग राज्याने आदेश काढून एक माणूस सोडायला लावलं आणि नंतर डूलाला वेगळी परवानगी दिली. तेव्हा नियम बदलतात, पण कोणीतरी भांडल्यावर.

तुमच्या हातात काय आहे: सातव्या-आठव्या महिन्यातच लेबर रूमच्या इनचार्ज सिस्टरला भेटून विचारा, आणि "चालेल" म्हणाल्या तर फाइलवर लिहून घ्या, कारण त्या दिवशी ड्युटीवर दुसरंच कोणी असणार. आळीपाळीने आत जाऊ देता का विचारा. ते पण नाही म्हणाले तर डूलाने आधीच नवऱ्याला कमरेवर दाब कसा द्यायचा ते दाखवून ठेवावं आणि स्वतः बाहेर किंवा फोनवर थांबावं. आणि नवऱ्याला आत जायचंच नसेल, असे खूप असतात, तर डूलाचं नाव "सोबती" म्हणून द्या, नातं काय म्हणून विचारलं तर खरं ते सांगा.

१२. हॉस्पिटलमधली भाषा मला येत नाही. डूला दुभाषाचं काम करेल का?

रोजचं बोलणं सांगेल, पण ऑपरेशनच्या संमतीच्या कागदावर सही करायची असेल तेव्हा हॉस्पिटलचा दुभाषा मागा. डूलाने वैद्यकीय गोष्ट चुकीची सांगितली तर त्याचं ओझं तुमच्यावर आणि तिच्यावर येतं, हॉस्पिटल नामानिराळं. स्वीडनमध्ये स्थलांतरित बायकांसाठी दोन्ही कामांचं ट्रेनिंग घेतलेल्या डूला आहेत, त्या भाषा पण सांगतात आणि तिथली पद्धत पण समजावतात. तसं काही जवळ असेल तर फारच छान.

१३. आमच्या भागात डूला नाहीच. फोनवर चालतं का?

आधीच्या आणि नंतरच्या भेटी फोनवर बऱ्यापैकी होतात, पाजण्याची अडचण व्हिडिओवर दिसते. प्रत्यक्ष कळांमध्ये फोन म्हणजे नाइलाज. रेंज जाते, चार्जिंग संपतं, आणि कमरेवर हात ठेवता येत नाही. त्यापेक्षा तुमच्यासोबत जी बाई आत येणार आहे, मग ती जाऊ असो नाहीतर शेजारीण, तिला डूलाने आधी फोनवरून तासभर शिकवावं. संस्थांसाठी एक सूचना: बाईच्या फोनमध्ये बॅलन्स नसतो हे धरून चाला. तिने मिस्ड कॉल दिला की आपण फोन लावायचा, हा नियम पहिल्या दिवशी सांगून टाका.

१४. नववा महिना लागलाय. उशीर झाला का?

नाही. एखादी भेट झाली तरी पुष्कळ, आणि बाळ झाल्यावरसुद्धा सुरू करता येतं. उशिरा येणाऱ्यांना "आता नाही" म्हणणाऱ्या योजना ज्यांना खरी गरज आहे त्यांनाच गाळतात, कारण उशिरा तीच येते जिला आधी सुट्टी मिळाली नाही.

१५. सीझरची तारीख ठरलीय. आता डूला कशाला?

ऑपरेशन थिएटरमध्ये तिला सोडतील का ते हॉस्पिटलवर आहे (प्र. ११ चाच मार्ग). पण सीझरनंतरचे दिवस जास्त अवघड असतात, टाक्यांमुळे उठता येत नाही, बाळाला कोणत्या बाजूने धरायचं कळत नाही, खोकला आला तरी जीव जातो. तिथे रोज कोणी येऊन उशी पोटावर कशी धरायची, कुशीवर वळून कसं उठायचं आणि झोपून कसं पाजायचं हे दाखवलं तर खूप फरक पडतो.

१६. पोटातच बाळ गेलं तर डूला येते का?

येते, आणि यायला हवी. ते बाळंतपण पण बाळंतपणच असतं, कळा त्याच असतात, आणि दूधसुद्धा येतं, ज्याबद्दल घरी जाताना कित्येकींना कोणी काही सांगितलेलं नसतं. या कामासाठी वेगळं ट्रेनिंग घेतलेल्या डूला असतात, तशी मिळाली तर बघा. संस्था चालवणाऱ्यांनो, अशा वेळी डूलाचं मानधन कापू नका. कापलं जातं, "बाळ जिवंत जन्मलं" अशी अट करारात असते म्हणून. करार वाचा.

१७. घरात मारहाण होते. घरच्यांना न कळता डूला मिळेल का?

मिळू शकते. पहिल्याच फोनला सांगा की मेसेज पाठवू नका आणि कोणत्या वेळी फोन करायचा. डूला घरी येण्याऐवजी तपासणीच्या दिवशी हॉस्पिटलमध्येच भेटेल. तुम्ही सांगितलेलं ती तुमच्या परवानगीशिवाय कोणाला सांगत नाही, अपवाद दोन: तुमच्या किंवा मुलाच्या जिवाला धोका, आणि तुम्ही अल्पवयीन असाल तर तिथला कायदा जे कळवायला सांगतो ते. हे अपवाद चांगली डूला सुरुवातीलाच सांगते. नाही सांगितले तर तुम्हीच विचारा, आणि मगच काय बोलायचं ते ठरवा.

१८. बाई तुरुंगात असेल तर?

काही ठिकाणी मिळते. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात महिला तुरुंगातल्या गरोदर बायकांसाठी डूलांचा प्रकल्प आहे. बऱ्याच तुरुंगांत बाळ झाल्यावर थोड्याच वेळात ते आईपासून वेगळं होतं, तिथे डूलाचं निम्मं काम त्यानंतरचं असतं. नातेवाइकांनी वकिलामार्फत तुरुंगाच्या वैद्यकीय विभागाला लेखी विचारावं, तोंडी विचारणा हरवते.

१९. डॉक्टर ओरडले तर डूला माझ्या बाजूने भांडेल का?

भांडणार नाही, आणि तेच बरं. डूला वाद घालायला लागली की तिला बाहेर काढतात, मग तुम्ही एकट्या. ती तुम्हाला बोलायला जागा करून देते: "त्यांना दोन मिनिटं विचार करायला देता का?", "हे आत्ताच करायला लागेल का थोडं थांबता येईल?" एवढ्याने बऱ्याचदा आवाज खाली येतो. कोणी हात उगारला किंवा संमतीशिवाय काही केलं तर वेळ, नाव आणि काय झालं हे ती लिहून ठेवते, नंतर तक्रार करायची का ते तुम्ही ठरवायचं.

२०. मला डूला व्हायचंय पण ट्रेनिंगची फी परवडत नाही.

फी हप्त्याने घेतात का, शिष्यवृत्ती आहे का विचारा, आणि तुमच्या भागात एखादी संस्था स्वतःच्या डूला तयार करत असेल तर तिथे ट्रेनिंग मोफत आणि वर भत्ता असं पण असतं. बहुतेक ठिकाणी डूला व्हायला सरकारी परवाना लागत नाही, पण योजनेतून पैसे घ्यायचे असतील तर सर्टिफिकेट लागतं, तेव्हा कोर्स निवडण्याआधी तिथली योजना कोणतं सर्टिफिकेट मानते ते बघा.

२१. आमच्या छोट्या संस्थेला सुरू करायचंय. आधी काय करावं?

ट्रेनिंग नका ठेवू, ते सगळे आधी ठेवतात. वीस जणी ट्रेन होतात, फोटो निघतो आणि हॉस्पिटल एकीलाही आत घेत नाही. आधी एकच हॉस्पिटल निवडा, लेबर रूमच्या सिस्टरशी बोला, त्यांची भीती काय आहे ते ऐकून घ्या, बहुतेक वेळा ती गर्दीची आणि व्हिडिओ काढण्याची असते. डूला आत काय करणार आणि काय करणार नाही याचा एक कागद दोघांच्या सहीने करा. मग त्या हॉस्पिटलला येणाऱ्या वस्तीतल्याच चार-पाच बायका घ्या.

पैशाचा अंदाज बांधताना लोक बाळंतपणाचं मानधन धरतात आणि बाकीचं विसरतात: रात्रीचं वाहन, फोन, मुलांना सांभाळणारी, बदली डूला (एकीला दोन ठिकाणी कळा लागतातच), आणि वाईट बाळंतपण बघून आलेल्या डूलाशी बसून बोलणारी एखादी अनुभवी बाई. हे शेवटचं वगळलं की वर्षभरात चांगल्या डूला गळायला लागतात.

२२. देणगीदार म्हणतात सीझर किती टक्के कमी केले ते दाखवा.

चार-पाच डूला आणि थोडी बाळंतपणं यावर तो आकडा काहीच सांगत नाही, नशिबाने पण वरखाली होतो. शिवाय तो आकडा डूलाच्या डोक्यावर बसला की ती गरज असलेल्या सीझरलाही मनातून विरोध करायला लागते, हे धोक्याचं आहे. त्यापेक्षा हे मोजा: मागितलेल्या किती जणींना डूला मिळाली, किती वेळा ती वेळेत पोचली, किती वेळा दारातून परत पाठवली, डूलाला पैसे किती दिवसांत मिळाले, आणि बाळंतिणीने स्वतः काय सांगितलं. नको म्हणालेल्या किंवा मध्येच सोडून गेलेल्या बायकांना पण फोन करा.

२३. डूलाशी पटत नाही, पण फुकटची आहे म्हणून बोलता येत नाही.

बोला. बदलून मागायचा हक्क पैसे देणारीला जेवढा आहे तेवढाच तुम्हाला. ती स्वतःचीच मतं लादत असेल, बाळाला पावडरचं दूध दिलंत म्हणून तोंड वाकडं करत असेल, तुमचा फोटो विचारल्याशिवाय काढत असेल तर कारण पण सांगायची गरज नाही. संस्थांनी तक्रारीसाठी डूलाव्यतिरिक्त दुसऱ्या कोणाचा तरी नंबर पहिल्या भेटीतच कागदावर लिहून द्यावा, आणि तो उचलणारी बाई त्या डूलाची मैत्रीण नसावी.